उरलेल्या फराळाची बिस्किटं

ज्या घरातलं माणूस गेलेलं असतं, त्या घरात त्या वर्षीच्या दिवाळीला कढई चढत नाही. चकल्या नाहीत, करंज्या नाहीत, दारात कंदील नाही. पण घर अगदीच कोरडं जाऊ नये म्हणून आळीतलं प्रत्येक घर आपापल्या फराळाचा डबा तिथे पोचवतं. होतं असं की ज्या घरात कुणाला घास गिळवत नाही, त्याच घरात गावातलं सगळ्यात जास्त गोडधोड येऊन पडतं. ही रीत ज्याने घातली त्याचं गणित कच्चं असणार. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे असल्या गोष्टी माझ्या डोळ्यांत लगेच खुपतात.

गेल्या दिवाळीला आमच्याकडे सतरा डबे आले. माझी मुलगी आषाढात गेली. अकरा वर्षांची होती. ताप आला आणि पाचव्या दिवशी गेली.

डबे जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडून ठेवले होते. सगळे स्टीलचे, झाकणावर नाव कोरलेले. कुणाच्या डब्यावर सासूचं नाव, कुणाच्या डब्यावर लग्नाची तारीख. बायका यायच्या, डबा ठेवायच्या, दोन मिनिटं पंख्याकडे बघत बसायच्या आणि "येते हं" म्हणून उठायच्या. मुलांना कुणी बरोबर आणलं नाही. आमच्या आळीत मुलं कधी पुढच्या दाराने येत नाहीत. आमचं मागचं दार म्हणजे वाडीत जायचा आणि वाडीतून सुरूच्या बनाकडे, तिथून समुद्रावर जायचा जवळचा रस्ता. दिवसातून वीस वेळा ते दार आपटायचं आणि वीस वेळा मी ओरडायचे. आषाढापासून ते दार एकदाही आपटलं नव्हतं.

सगळ्या आयांनी आपापल्या पोरांना सांगून ठेवलं होतं, काकूंना त्रास होईल, तिकडून जाऊ नका. पोरं किनाऱ्यावर जायला लांबून, देवळाकडून वळसा घालून जायला लागली. कुणी ठरवलं, कुणी कुणाला सांगितलं, देव जाणे. मनाने चांगल्याच आहेत सगळ्या. पण एकेकीला धरून हलवावं असं मला वाटायचं.

डब्यांची आणखी एक पंचाईत होती. आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. आता या घरातून, या वर्षी, कुणाच्या डब्यात काय घालायचं? त्यांचेच लाडू त्यांनाच परत? नवऱ्याला विचारलं. तो वाडी बघतो, नारळ-सुपारीची. तो म्हणाला, "एकेक नारळ दे." मी म्हटलं, "डब्यात नारळ मावतो का?" तो म्हणाला, "वर ठेव." मी त्याच्यावर ओरडले. तो पंप बघायला वाडीत निघून गेला. आषाढापासून त्या पंपाला रोज काहीतरी होत होतं. (पुढे ते डबे मी रिकामेच परत केले. कुणी काही बोललं नाही.)

भाऊबीज होऊन आठवडा झाला असेल. दुपारी मी भांडी लावत होते तर मागच्या दारात शेजारची मोठी उभी. बारा वर्षांची आहे, माझ्या लेकीची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या मागे तिची सहा वर्षांची बहीण, मोठीचा फ्रॉक मुठीत धरून.

"काकू, आईने डबा मागितलाय. तुळशीच्या लग्नाला लागणार आहे."

चार महिन्यांत त्या दारात आलेली ही पहिली पोर. मला तिला जवळ घ्यायचं होतं. तोंडातून निघालं ते, "दारात काय उभी राहिलीस? आत ये आणि दार लाव, माश्या येतात." वर्गातला आवाज. जित्याची खोड म्हणतात ना, ती. त्या म्हणीचा उरलेला भाग मी हल्ली उच्चारत नाही.

त्यांचा डबा रिकामा करायला घेतला. बुंदीचे लाडू होते, आठ दिवसांत दगड झालेले. ते ताटात काढले आणि रिकामा डबा हातात धरून मी तशीच उभी राहिले. आणि मग मी म्हटलं, "बिस्किटं करूया का?"

ठरवून म्हटलं नव्हतं. मोठीने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू भलत्याच कुणाच्या आवाजात बोलले.

हे बिस्किटांचं प्रकरण सांगायला हवं. माझी लेक पाच वर्षांची असताना आम्ही ओव्हन घेतला. तेव्हा आळीत तो एकटाच होता. त्या वर्षी दिवाळीनंतर तिने टूम काढली की उरलेल्या सगळ्या गोडाची बिस्किटं करायची. तेव्हापासून दर वर्षी भाऊबीज ते तुळशीचं लग्न यांच्यामधली एक दुपार बिस्किटांची ठरून गेली. पोरं ओच्यातून, खिशातून, वहीच्या कागदातून आणायची. विरघळलेली सोनपापडी, कडा सुटलेली काजूकतली, मामाने दिलेल्या गोळ्या, कुणी न खाल्लेले तपकिरी पेढे. मुंबईच्या लोकांचे बंगले आहेत आमच्याकडे किनाऱ्याला. ते लोक दिवाळीला येतात, चार दिवस दिवे लावतात आणि जाताना उरलेले खोके केअरटेकरला देऊन जातात. त्या केअरटेकरचा मुलगा सोनेरी कागदातली चॉकलेटं आणायचा. एका वर्षी त्यातल्या चॉकलेटांत दारू निघाली. ती मी जप्त केली आणि माझ्या नवऱ्याने फार जबाबदारीने संपवली.

लाडू कुटायचे, गोळ्या रुमालात बांधून बत्त्याने फोडायच्या, मैदा, तूप, खायचा सोडा, आणि सगळं एकत्र मळून थापायचं. मळायचं आणि भाजायचं माझ्याकडे, बाकी सगळा कारभार माझ्या लेकीकडे. कोण कागद सोडवणार, कोण लाडू फोडणार, कुणी हात धुतले नाहीत, सगळं ती बघायची. भाऊबीजेच्या संध्याकाळपासून माझ्या मागे लागायची, "आई, कधी करायची? आई, उद्या?" मी आढेवेढे घ्यायचे, मग उपकार केल्यासारखी हो म्हणायचे. माझी खात्री होती की वर्षातला तिचा सगळ्यात आनंदाचा दिवस तो.

ती गेल्यावर मी त्या एका दिवसाला धरून बसले होते, कारण दुसरं धरण्यासारखं फारसं नव्हतं. मी तापट आहे. वर्गात मुलं घाबरतात, घरात नवरा वाडीत जातो. मुलगी कुठे जाणार? तिने सगळं ऐकलं. पाढे चुकले म्हणून ऐकलं, चप्पल वाळूची आत आणली म्हणून ऐकलं. आणि तापाच्या पहिल्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आई, डोकं दुखतंय," तेव्हा मी काय म्हटलं? त्या दिवशी तिची गणिताची चाचणी होती. मी म्हटलं, "चाचणी आली की बरं डोकं दुखतं तुझं." तिने दप्तर भरलं आणि गेली. दुपारी परत आली तेव्हा अंगात एकशेतीन ताप होता.

डॉक्टर म्हणाले, त्या एका दिवसाने काही फरक पडला नसता. नवरा म्हणाला, आळी म्हणाली, शाळेतल्या बाई म्हणाल्या. मला पटतं. गणित सोडवून दाखवल्यावर उत्तर पटतं तसं पटतं. पण मला उत्तर हवं होतं ते त्याचं नव्हतं. मला एवढंच कळायला हवं होतं की तिला या घरात सुख होतं का. कुणाला विचारणार? नवऱ्याला विचारलं असतं तर प्रश्न पुरा व्हायच्या आत तो "होतं गं" म्हणाला असता. खरं माहीत असणार ते पोरांना, आणि पोरांना माझ्या घरची बंदी होती.

म्हणून सांगते, त्या दुपारी बिस्किटं हे निमित्त होतं. मला पोरं घरात हवी होती आणि मला त्यांना विचारायचं होतं.

"आईला विचारून येते," मोठी म्हणाली. अर्ध्या तासाने चौघं मिळून आली. ती स्वतः, धाकटी बहीण, केअरटेकरचा मुलगा आणि त्याची बहीण. हातात ताटं, ताटांत उरलंसुरलं. मोठीची आई कुंपणापर्यंत आली होती, तिथून माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि परत फिरली. रडत असावी. मी बघितलं नाही असं केलं.

आधी पोरं दवाखान्यात आल्यासारखी वागत होती. खुर्च्यांच्या कडेवर बसलेली, हळू आवाजात बोलणारी. लाडू फोडतानासुद्धा आवाज होऊ नये म्हणून धडपड. मी ओरडणार इतक्यात मला सुचलं आणि बत्ता केअरटेकरच्या मुलाच्या हातात दिला. "हाण," मी म्हटलं. तो म्हणाला, "बाई, मी?" तो माझ्याच शाळेत आहे, सातवीत. माझ्यासमोर त्याने आजवर वही सोडून काही उघडलं नसेल. पण एकदा हाणायला लागल्यावर रंगला. गोळ्यांचे तुकडे रुमालातून उडाले, धाकटी खिदळली, आणि घरात चार महिन्यांनी मुलांचा आवाज झाला. चांगलं वाटलं आणि सहन होईना, दोन्ही एकदम.

मी मैदा घेतला. "दोन वाट्यांना एक चमचा सोडा," मी मोठ्याने सांगत होते, कारण सांगितल्याशिवाय माझ्याने काही होत नाही. "आपण चार वाट्या घेतल्या, म्हणजे दोन. आणि फराळ जड आहे, म्हणून वर आणखी एक." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं, तिची आठवण आली असेल.

"काकू, एवढा सोडा?" धाकटी म्हणाली. मोठीने तिला चिमटा काढला.

"प्रमाण असतं त्याचं," मी म्हटलं.

तेवढ्यात केअरटेकरच्या मुलीचा धक्का लागून मैद्याची पिशवी टेबलावरून खाली गेली. फरशीभर मैदा. चौघंही जागच्या जागी थिजली. मैद्याकडे कुणी बघेना, सगळी माझ्या तोंडाकडे. भरतीच्या वेळी होडी काढायची की नाही हे ठरवताना कोळी आभाळाकडे बघतात तसं. मी म्हटलं, "राहू दे. केरसुणी कोपऱ्यात आहे." आणि मी पाहिलं की चौघांचे खांदे एकदम खाली आले. इतकी वर्षं मुलं माझ्यासमोर असेच खांदे उचलून बसत असतील. मी कधी पाहिलं नव्हतं.

ट्रे आत गेला. साखर कडेने वितळून चिकटली, जळकट गोड वास सुटला. गोळ्यांचे तुकडे पातळ होऊन बिस्किटांत लाल-हिरव्या काचा बसवल्यासारखे दिसायला लागले. पोरं ओव्हनच्या काचेला नाकं लावून बसली. माझी लेक तिथेच बसायची, पण तिचं लक्ष ओव्हनपेक्षा माझ्याकडे जास्त असायचं. मी हसत असले की तीही हसायची. मला वाटायचं, केवढी खूश झाली आहे.

बिस्किटं ताटात काढली. थोडी निवल्यावर प्रत्येकाच्या हातात एकेक दिलं. मी उभीच होते.

"कशी झालीत?"

"मस्त," तिघं एका सुरात म्हणाली. वर्गात 'समजलं का' विचारल्यावर मुलं म्हणतात तसं.

मग मी विचारलं. दुपारभर जिभेवर घोळत होतं ते विचारलं. "तिच्या वेळी व्हायची तशीच झालीत का?"

चार महिन्यांत त्या मुलांसमोर तिचा विषय कुणी काढला नसणार. केअरटेकरचा मुलगा खाली बघायला लागला. मोठीचे डोळे भरले. धाकटीला मात्र प्रश्न सरळ वाटला. ती चावता चावता म्हणाली, "हो काकू, तश्शीच. साबणासारखी."

"गप्प," मोठी पुटपुटली.

"तिला बोलू दे," मी म्हटलं. "साबणासारखी म्हणजे?"

"साबणासारखी लागतात ना. नेहमीच लागतात."

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. मला शुगर आहे. लेकीच्या वेळी गरोदरपणात लागली ती सुटलीच नाही. त्यामुळे सहा वर्षांत मी स्वतः केलेलं एकही बिस्किट खाल्लं नव्हतं. चव माझी लेक सांगायची आणि मी ऐकायचे. त्या दिवशी मी ताटातलं एक उचललं आणि चावलं. आधी तूप लागलं, मग साखर, आणि मग जिभेवर तो सोडा पसरला. कडसर, फेसाळ, थेट कपड्यांच्या वडीची चव. गणित शिकवणाऱ्या बाईने सहा वर्षं सोड्याचं प्रमाण चुकवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

माझा चेहरा काय झाला असेल कोण जाणे. धाकटीने ताईच्या कानात विचारलं, "आता ओरडणार?" ते मला ऐकू आलं.

"नाही ओरडत," मी म्हटलं. "खरं सांगा. इतक्या वर्षांची बिस्किटं गेली कुठे?"

केअरटेकरच्या मुलाने मोठीकडे बघितलं. मग तोच म्हणाला, "बाई, आमच्या कुत्र्यानंबी खाल्ली न्हाय. मंग आम्ही सुरूच्या खाली वाळूत पुरायचो."

मला हसू आलं. खरंच आलं. सहा वर्षांची बिस्किटं सुरूच्या बनात! त्या हसण्यातच मी विचारलं, "आणि ती? तीही पुरायची?"

"न्हाय," तो म्हणाला. "ती खायची."

हो, खायची. मला आठवलं. ताटाशी उभी राहून, माझ्याकडे बघत, एक संपवायची आणि लगेच दुसरं उचलायची. "मस्त झालीत आई." दर वर्षी दोन, अख्खी, कणभर न टाकता. मी नवऱ्याला सांगायचे, एरवी जेवताना नखरे असतात, पण माझी बिस्किटं बघ कशी खाते.

"मग तुम्ही दर वर्षी येत का होतात?" मी मोठीला विचारलं. "नको होती तर यायचं नाही."

ती ट्रेच्या कडेची जळलेली साखर नखाने खरवडत होती. "तीच बोलवायची," ती म्हणाली. "भाऊबीज झाली की घरोघरी येऊन सांगून जायची."

"काय सांगायची?"

"राहू द्या ना काकू."

"काय सांगायची?"

"सांगायची की बिस्किटांच्या दिवशी आई अजिबात ओरडत नाही. खूप हसते. म्हणून सगळ्यांनी या, आणि चांगली झालीत म्हणा. म्हणजे मग रात्रीपर्यंत आई तशीच राहते."

मी खुर्चीत बसले. माझ्या हातात ते अर्धं बिस्किट होतं. ज्या दिवसाला मी तिचा म्हणून धरून बसले होते, तो तिने माझ्यासाठी मागून घेतलेला होता. पाच वर्षांची असल्यापासून. आठवडाभर माझ्या मागे लागून, आळीतली पोरं गोळा करून, साबण गिळून. एका दिवसापुरती हसणारी आई मिळावी म्हणून. आणि मी तिला घड्याळ दाखवून सांगायचे, तासाभरात आटपा, मला पेपर तपासायचेत.

"आणि बाकीच्या दिवसांचं?" मी विचारलं. विचारायला नको होतं, एका लहान मुलीला असं विचारू नये हे मला कळत होतं, पण माझ्याने राहवेना. "बाकीच्या दिवसांचं काय सांगायची ती माझ्याबद्दल?"

धाकटी काहीतरी बोलणार होती. मोठीने तिचा हात घट्ट धरला. मग माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, माझ्या डोळ्यांत, कितपत सांगावं याचा अंदाज घेत.

"काही नाही काकू," ती म्हणाली. "बाकीच्या दिवसांचं ती काहीच सांगायची नाही."

आणि तिने ताटातलं दुसरं बिस्किट उचललं आणि माझ्याकडे बघत बघत सगळं खाल्लं.